भाड्याचं घर, बाँडचा प्लॉट

सकाळी ६.१५

पहिला फोन कायम मालकाचा. घराची निकड भाडेकरूला असते, पण तो दहाच्या आत फोन करत नाही. रात्रपाळी करून झोपलेला असतो, नाहीतर पोरांचे डबे भरत असतो. मालक आंघोळ उरकून, देवाला फुलं घालून, चहाच्या आधी फोन लावतो. आजचा टिळकवाडीतून. तळमजला, दोन खोल्या आणि किचन, पुढं चार कुंड्यांची बाग.

"बारा हजार भाडं, लाख डिपॉझिट. नोकरदार पाहिजेत. दोघंच असली तर बरं. व्हेज. वकील नको, पोलीस नको, कॉलेजची पोरं तर नकोच नको."

मी वहीत उतरवून घेतलं. अशी माणसं बेळगावात आहेत, पण त्यांची स्वतःची घरं आहेत. मालकाला हे सांगून उपयोग नसतो. दोन महिने घर रिकामं राहिलं की अटी एकेक करून गळतात. आधी वकील चालतो, मग कॉलेजची पोरं चालतात. व्हेजची अट शेवटपर्यंत सुटत नाही.

हा दिवस २०२५ च्या मे महिन्यातला, अठ्ठावीस तारखेचा, बुधवार. आदल्या दिवशी सकाळपर्यंत अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं कुणी घर बघत नाही, किल्लीला हातही लावत नाही. आणि उद्या, एकोणतीसला, कर्नाटकातल्या शाळा उघडणार. अमावास्या आणि शाळा यांच्या सांध्यात सापडलेला हा एकच दिवस, त्यामुळं अख्ख्या शहराला आजच घर बदलायचं होतं. त्यात पाऊस मृगाची वाट न बघता मे महिन्यातच येऊन बसलेला. घर दाखवायला पावसासारखा दिवस नाही, असं माझं मत आहे. मालक लोक ह्याच्या अगदी उलट मताचे.

आम्हा एजंटांचा हिशेब सरळ. भाड्याच्या घराला एका महिन्याचं भाडं. विक्रीला दोन टक्के म्हणायचे, एक टक्का हातात पडला तर देव पावला.

सकाळी ८.४०

शहापूर. गल्लीतलं जुनं लांबट घर, मालकीण एक आजी. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागं परडं. कधीतरी मधल्या भिंतीत दार पाडून माजघर आणि त्यामागची लहान खोली भाड्याला काढलेली. माजघराच्या जमिनीत एका चौकोनातली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा नवी दिसते. तिथं खड्डामाग होता. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. हातमाग गेले, यंत्रमाग आले, यंत्रमागांचीही खडखड आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही. माग उठला की त्या जागेवर भाडेकरू येतो. मीही ह्याच पट्ट्यातला, त्यामुळं खोलीत पाऊल टाकलं की आधी माग कुठं असेल ते दिसतं, मग खिडकी.

खोली बघायला आलेली पोरगी रात्रपाळी करून दवाखान्यातून थेट आलेली. निपाणीची. नर्स. इतके दिवस निपाणीहून येऊन-जाऊन करायची. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळं पंचाहत्तर किलोमीटरचा प्रवास पैशाच्या हिशेबात बसत होता. अंगाच्या हिशेबात बसेना. आयसीयूची रात्रपाळी करून हायवेवर दोन तास उभं राहायचं, घरी जाऊन झोपायचं आणि संध्याकाळी परत बस.

तिनं खोलीत आल्याआल्या वर बघितलं. मंगळुरी कौलं, त्याखाली निळा प्लास्टिक कागद, कागदाला पोटासारखा फुगवटा.

"आजी, गळतं काय?"

"गळतं की. खरं एकाच जागी गळतं. तिथं बादली ठेवायची."

आजींचा हा खरेपणा मला आवडला. दुसऱ्या मालकानं 'परवाच कौलं फिरवलीत' असं सांगितलं असतं.

मग आजींनी विचारलं, "कुणाच्यातली गं तू?"

"निपाणीची, आजी. आई विड्या वळते."

"ते नव्हे. कुणाच्यातली?"

"मी आयसीयूत असते," पोरगी म्हणाली आणि नळ सोडून बघायला न्हाणीकडं गेली.

मी कौलांकडं बघत उभा राहिलो. हा प्रश्न बेळगावात मराठीत विचारतात, कन्नडमध्ये विचारतात, उर्दूतही विचारतात. तो मी विचारत नाही, मालक विचारतो. मला फोनवर उत्तर तेवढं द्यावं लागतं. व्हेजची अट हा त्याच प्रश्नाचा इस्त्री केलेला अवतार. कुणाला मटणाचा वास खरोखर सहन होत नसेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्या मालकाच्या स्वतःच्या घरी दर रविवारी कोंबडीचं कालवण शिजतं, तोही व्हेज भाडेकरू मागतो, तेव्हा काय समजायचं ते मी समजतो.

न्हाणीतल्या नळाला पाणी नव्हतंच. आजी म्हणाल्या, सात-आठ दिवसांनी येतं, कधी पहाटे येतं, कधी रात्री. शहरातल्या दहा वॉर्डांत २००८ च्या सुमारास प्रयोग म्हणून चोवीस तास पाणी सुरू झालं. ही गल्ली त्यात नाही. राकसकोप धरण भरो नाहीतर हिडकल भरो, इथल्या बायका पाण्याचा दिवस धरून पाहुण्यांना बोलावतात. मागं परड्यात विहीर आहे, आड म्हणतात तसली, पण तिचं पाणी वापरायचं, प्यायचं नाही.

आजींची खरी अडचण निराळीच निघाली, आणि ती पोरीच्या जातीइतकी किंवा त्याहून मोठी असावी. घराला मीटर एक. ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेत आपल्या जुन्या सरासरीपेक्षा थोडी जास्त एवढी वीज माफ, तीही महिन्याला दोनशे युनिटांच्या आतच, आणि दोनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल भरायचं. एकट्या आजींचे महिन्याला साठ-सत्तर युनिट. पोरगी आली, तिनं हीटर लावला, फॅन लावला, इस्त्री केली, तर दोघींचं मिळून कुठं जाईल? वेगळं मीटर घ्यायचं तर वायरिंग, फी, वीज कंपनी हेस्कॉमच्या खेपा. आजी बोटांवर मोजत राहिल्या.

"चार हजार, आणि वीस डिपॉझिट," त्या म्हणाल्या. "खरं मी विचार करून सांगतो एजंटाला." शहापुरात जुन्या बायका असंच बोलतात, 'मी सांगतो'.

पोरगीनं गळणाऱ्या जागेचा मोबाइलवर फोटो काढला. घर पसंत आहे, असं त्याचा अर्थ मी धरला. नापसंत घराचे फोटो कुणी काढत नाही.

सकाळी १०.३०

कोर्टाच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे. टेबल म्हणजे अर्धं टेबल. उरलेल्या अर्ध्यावर लॅमिनेशनचं मशीन.

तीन ॲग्रिमेंटं. तिन्ही अकरा महिन्यांची, कारण वर्षाच्या वर गेलं की १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सब-रजिस्ट्रारकडं जावं लागतं. पूर्वी मालकच कागद करायला टाळायचे. १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याची धास्ती त्यांच्या मनात बसलेली. तीस-तीस रुपयांवर चिकटून राहिलेले भाडेकरू त्यांनी आपल्या वडिलांच्या वेळी पाहिलेले. नवा भाडे कायदा २००१ अखेर लागू झाला, पण धास्ती कायद्याबरोबर बदलत नाही. आता उलट झालंय. भाडेकरूच म्हणतो, कागद पाहिजे. गॅसला पाहिजे, आधारवर पत्ता बदलायला पाहिजे आणि सगळ्यात आधी गृहज्योतीला पाहिजे, कारण मीटरचा आरआर नंबर आपल्या आधारला जोडायचा तर राहतो कुठं ते दाखवायला लागतं. जुना भाडेकरू गेल्यावर त्याचं आधार त्या मीटरवरून काढलं नसेल तर नवा अडकतो. आज एक घर एवढ्यासाठी अडलं होतं. आधीचा भाडेकरू धारवाडला निघून गेलेला, फोन उचलेना. शेवटी उचलला. जोडणी मोबाइलवरून काढता येते, हे त्याला समजावण्यात पाऊण तास गेला आणि माझा चहा गार झाला.

दुपारी १२.१५

वडगाव. नवरा-बायको, आठवीत गेलेली मुलगी आणि एक लहान पोरगा. आठ वर्षं राहत होते ते घर मालक पाडतोय, अपार्टमेंट उठणार. सामान बांधून झालेलं, नुसता गॅस आणि दोन पातेली बाहेर. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत. बायको काजूच्या कारखान्यात, शिनोळीजवळ.

शिनोळी म्हणजे बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, बाची ओलांडली की लागणारं गाव. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवून कोल्हापूरला जोडला. तेव्हापासून ही रेघ. बेळगावच्या कित्येक कारखानदारांनी तिकडं शेड टाकल्या. त्या शेडच्या मागं मागं खोल्याही उठल्या. भाडं बेळगावपेक्षा कमी, उतारा मराठीत, शाळा महाराष्ट्राच्या बोर्डाची. बायको मूळची चंदगड तालुक्यातलीच. तिचं मन तिकडं.

माझ्याकडं दोन घरं होती. मच्छेत एक खोली आणि किचन, पाच हजार. शिनोळीत तेवढंच, किंबहुना थोडं मोठं, तीन हजार.

"तीन आणि पाच," नवरा म्हणाला, "मग विचारायचं काय त्यात?"

बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान टर्रकन फाडलं, उलटं केलं आणि पोरीच्या पेन्सिलीनं लिहायला बसली. तो हिशेब मी जसा झाला तसा सांगतो, कारण परवडणारं घर ह्या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं बोलणं त्या पानावर होतं.

"शिनोळी. भाडं तीन हजार. रेशन कार्ड तिकडं गेलं की गृहलक्ष्मीचे दोन हजार गेले. झाले पाच." गृहलक्ष्मी म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकार घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर टाकतं ते पैसे. कधी दोन-दोन महिने थकतात, पण येतात.

"लाइट बिल इथं शून्य. तिकडं सातशे तरी धरा. पाच हजार सातशे."

"ह्यांचं पेट्रोल." ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. "शिनोळी ते उद्यमबाग, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या वर. शिफ्ट सहाची, म्हणजे बस नाही. महिन्याचे दोन हजारांवर जाणार. किती झाले?"

"आठ हजारांला आले," मुलगी म्हणाली.

"लाडकी बहीण धर की," नवरा म्हणाला. "तुझा जन्मच तिकडचा. पंधराशे."

"ते अर्ज ऑक्टोबरातच बंद झाले. माझ्या भावजयीला मिळतात, मला मिळायचे नाहीत. आता नवीन घेत नाहीत."

तिकडच्या एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, इकडच्या बसला पूर्ण माफ, हेही तिनं लिहिलं आणि त्यापुढं आकडा न घालता रेघ मारली.

मग मच्छे. भाडं पाच हजार. नवऱ्याला सायकलवर जाता येईल इतकी फौंड्री जवळ. लाइट शून्य, बस शून्य, गृहलक्ष्मी चालू. टँकरच्या पाण्याचे चारशे. पाच हजार चारशे.

"मच्छे," नवरा म्हणाला.

बायको पेन्सिल धरून बसली. "मच्छेहून स्टँडला यायचं, स्टँडवरून बाचीची बस, पुढं चालत. मला दीड तास जायला, दीड तास यायला." मग माझ्याकडं बघून, अगदी साधा प्रश्न विचारावा तसं, "ह्याचे किती धरायचे, दादा?"

मला सांगता येईना. नवरा पोत्याची गाठ परत सोडून परत बांधू लागला. तिनं वाट बघितली, मग तो कागद घडी करून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "मच्छेच बघूया. पोरीची शाळा मराठीच हाय तिथं. ॲडव्हान्स कधी द्यायचा?"

सरकारं बायकांना पैसे देतात, बस देतात, त्यावर टीका करणारे लेख मी पेपरात वाचतो. त्यातल्या एकाही लेखात हे आलेलं नाही की ह्या योजनांनी घरभाड्याचा नकाशा बदललाय. सीमेच्या अलीकडचं पाच हजारांचं घर पलीकडच्या तीन हजारांच्या घरापेक्षा स्वस्त झालंय. आणि ते स्वस्त होतं त्यात एका बाईचे रोजचे तीन तास गेलेले आहेत.

दुपारी २.३०

जेवण. उभ्याउभ्याच, खानावळीत. शेजारच्या टेबलावर एक ओळखीचा एजंट निवृत्त हवालदाराला गणेशपूरकडचा प्लॉट विकत होता. मराठा लाइट इन्फंट्रीत बावीस वर्षं काढलेला माणूस, ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत. हिंडलगा, गणेशपूर, सावगाव ह्या बाजूला फौजी माणसं घरं बांधतात. शेजारी युनिटातला असतो, कॅन्टीन जवळ पडतं. हवालदार नुसता ऐकत होता आणि भात कालवत होता. फौजी लोक घासाघीस करत नाहीत हा समज चुकीचा आहे. ते शेवटच्या दिवशी करतात.

दुपारी ३.३०

आजचं मोठं काम. वडगावच्या पुढं, येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला शिवारात. खासबागचा एक यंत्रमागवाला गिऱ्हाईक. दोन माग विकून आलेले पैसे आणि बायकोच्या पाटल्या एवढं त्याचं भांडवल. वीस बाय तीसचा प्लॉट. विकणारा नऊ लाख म्हणतोय. तेवढाच एनए, म्हणजे बिगरशेती झालेला, प्लॉट मंजूर लेआउटमध्ये ह्याच्या दुपटीच्या जवळपास जातो, तोही मिळाला तर.

चिखलात पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या, पावसानं निम्म्या वाहून गेलेल्या. कोपऱ्याला दगड पुरलेले. परवापर्यंत इथं भात होतं. बेळगावची बासमती म्हणून जी नावाजलेली ती ह्याच येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातली. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला तोही ह्याच जमिनीसाठी. आता बायपासचं नाव सांगूनच प्लॉट विकतात. थोड्या अंतरावर बळ्ळारी नाला. २०१९ च्या ऑगस्टात ह्या बाजूला किती पाणी चढलं होतं ते मी पाहिलेलं आहे. विकणाऱ्याचा माणूस म्हणाला, "ते एकाच वर्षी वो."

"कागद?"

"कागद हाय की. बाँड करून देतो."

बेळगावच्या बाहेर कुणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, की प्लॉट विकला. गल्ल्याच्या गल्ल्या ह्या बाँडवर उठलेल्या आहेत. घर बांधतात, लाइटचं मीटर येतं, नगरसेवक गटार करून देतो, मतदार यादीत नाव लागतं, गणपतीचं मंडळ होतं. सगळं येतं, मालकी तेवढी येत नाही. अशा कागदांनी स्थावर मिळकत हस्तांतरित होत नाही, खरेदीपत्र नोंदवावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. वडगावच्या शिवारात तो निकाल अजून पोचायचाय.

मी उतारा मागितला. माणसानं मोबाइलवर दाखवला. उतारा कन्नडमध्ये, माझा गिऱ्हाईक कन्नड फर्डं बोलतो, यंत्रमागाच्या धंद्यात त्याशिवाय चालत नाही, पण वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचत गेलो. रकाना नऊ, मालकांची नावं. सात नावं.

"सात कोण?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"चौघं भाऊ. तीन भैणी."

"बाँडवर सही कोण करणार?"

"थोरला करतोय की," विकणाऱ्याचा माणूस म्हणाला. "बाकीचे घरचेच."

बहिणींचा हक्क कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे, २००५ ला तो देशभर झाला. तीन बहिणी तीन गावांत दिलेल्या. त्यांच्या सह्या नाहीत म्हणजे तीन दावे कोर्टाच्या दारात उभे आहेत असं समजायचं. रकाना अकरामध्ये सोसायटीचा पीककर्जाचा बोजा. जमीन शेतीचीच, एनए झालेली नाही. सर्व्हे नंबरातला तुकडा नोंदवून घ्यायचा तर आधी ११-ई नकाशा लागतो, तोही नाही.

एवढं वाचून झाल्यावर गिऱ्हाईक गप्प झाला. मग म्हणाला, "खरं नऊ लाखात दुसरं काय मिळतंय मला?"

ह्याला उत्तर देणं कठीण. बँक ह्या कागदावर कर्ज देणार नाही; बँकेला एनए लागतो, ई-खाता म्हणजे मिळकतीची ऑनलाइन नोंद लागते. प्रधानमंत्री आवासमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांपर्यंत मिळतात, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर, ह्याचं आहे. पण जागा स्वतःच्या नावावर पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून सरकारनं बिनमंजुरीच्या वसाहतींना बी-खाता द्यायची मोहीम काढली, त्यालाही नोंदणीकृत खरेदीपत्र लागतं, तेही १० सप्टेंबर २०२४ च्या आधीचं. प्रत्येक मदत कागद असलेल्यासाठी आहे. हा प्लॉट स्वस्तात जातोय तो कागद नसल्यामुळंच. नऊ लाख आणि सतरा-अठरा लाख यांच्यामध्ये जो फरक आहे तो मातीचा नाही, माती एकच आहे. तो तीन बहिणींच्या सह्या, सोसायटीचा दाखला, एनएची ऑर्डर, रस्ता-गटाराला सोडलेली जागा आणि मुद्रांकाचा आहे. त्यात मुद्रांक, सेस आणि नोंदणी मिळून साडेसहा टक्के. (हे लिहीपर्यंत २०२५ च्या ऑगस्ट अखेरीला नोंदणी फी एकाची दोन टक्के झाली, म्हणजे आता त्याहून जास्त.)

बुडानं, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणानं, मंजूर लेआउट भरपूर काढले असते तर बाँडचा बाजार एवढा फुगला नसता, असं मला वाटतं. रामतीर्थनगर, कुमारस्वामी लेआउट अशी नावं मोजून संपतात. कणबर्गीची योजना शेतकऱ्यांचे दावे आणि फायली ह्यांत कित्येक वर्षं रुतून राहिली. शेतकऱ्याची बाजूही मला कळते. सरकारनं ठरवलेल्या दरात जमीन द्यायची आणि शेजारचा बाँडवर गुंठ्याला त्याच्या कितीतरी पट घेतो हे बघत बसायचं, कोण देईल? गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यातून बोळ सोडून वीस बाय तीसचा एक प्लॉट धड निघतो, दुसरा आखूड करून ओढूनताणून काढतात. बोळ मग आठ फुटांचा होतो आणि तिरडी वळत नाही.

बाँडच्या व्यवहारात मी कमिशन घेत नाही. फुकट सल्ला देतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. गिऱ्हाइकाला सांगितलं, सातही जणांना सब-रजिस्ट्रारकडं उभं कर, नाहीतर चौघं ओळखीचे मिळून अख्खे पाच-दहा गुंठे नोंदवून घ्या, एनए करा, मग आपापसांत वाटा. वेळ लागेल, पैसा थोडा जास्त लागेल, पण रात्री झोप लागेल. तो मान हलवत होता. मोटारसायकलला किक मारताना मात्र म्हणाला, "तोपर्यंत दुसरा कोणतरी घेऊन जातोय बघा हा." आणि परत एकदा त्या फक्कीच्या रेघांकडं बघून आला.

तो घेणार. मला माहीत आहे. अकरा महिन्यांनी सामान बांधायचा कंटाळा आलेला माणूस कोर्टाला भीत नाही.

संध्याकाळी ६.००

मच्छेच्या घराची किल्ली दिली. टेम्पोवाला पावसाचे दोनशे जास्त मागत होता. शंभरावर मिटलं. टिळकवाडीच्या मालकाला दोन कुटुंबांचे फोटो पाठवले. एक कुटुंब चार माणसांचं म्हणून नको, दुसरं 'विचार करून सांगतो'.

रात्री ८.१०

निपाणीहून फोन. पोरीची आई.

"साहेब, खोली चांगली हाय न्हवं? दार आतनं बंद होतंय न्हवं?"

होय म्हटलं. कडी मी स्वतः बघितली होती. मग ती घरावरच बोलत राहिली. तंबाखूच्या वखारीमागं एका खोलीत संसार झाला. हजार विड्यांची मजुरी वाढेल म्हणून मोर्च्यांना गेली, वाढली तेवढी थोडी वाढली. "सोलापूरच्या विडीवाल्यांस्नी घरं मिळाली म्हणत्यात. खरं हाय काय?"

खरं आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ ला झाली. नंतर रे नगर. तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. त्यामागं कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या युनियनची वीस-पंचवीस वर्षांची झटापट आहे, केंद्राकडं, राज्याकडं, जमिनीसाठी, कर्जासाठी. मी तिला थोडक्यात सांगितलं.

"मग निपाणीत का न्हाई?"

मी म्हटलं, सोलापुरात एका गठ्ठ्यानं हजारो बायका सभासद झाल्या, जमीन आधी संस्थेच्या नावावर घेतली, मग सरकारकडं गेले. निपाणीतही चळवळी झाल्या, मोठ्या झाल्या, पण त्या मजुरीच्या आणि तंबाखूच्या भावाच्या. घरापर्यंत आल्या नाहीत.

"व्हय," ती म्हणाली. "भाव मिळाला की घर आपसूक हुईल वाटायचं."

रात्री ९.४०

आजींचा फोन. इतक्या रात्री त्या जाग्या, म्हणजे मीटरचं गणित संपलेलं असणार.

"ती पोरगी, निपाणीची. तिला दे. खरं हीटर लावायचा नाही म्हणावं. पाणी चुलीवर तापवून देतो मी, बंब हाय. इस्त्री दवाखान्यात कर म्हण."

"बरं आजी. आणि भाडं?"

"चारच. खरं पाणी येतंय त्या दिवशी ती घरात पाहिजे. मला आता बॅरल भरायला होत नाही. रात्री आलं तरी तिनंच भरायचं."

म्हणजे पाण्याचा दिवस आणि तिची रात्रपाळी एकत्र येता कामा नये. मी पोरीला मेसेज टाकला, जूनचं ड्यूटी चार्ट पाठव. वॉर्डातल्या वॉल्व्हमनचा नंबर माझ्याकडं आहेच, त्याला सकाळी विचारतो पाणी कधी सोडणार ते. मग ॲग्रिमेंट.